‘मला सगळी मुलं सारखीच’ असं म्हणणाऱ्या बालवाडीताईच्या मनातही पूर्वग्रह असू शकतो का?

वांद्र्याच्या पश्चिमेला चिंबईचा कोळीवाडा आहे आणि रनवारसारखी ईस्ट इंडियन ख्रिश्चनांची जुनी गावठाणं आहेत. रेल्वेरुळांच्या पूर्वेला बेहरामपाडा, खेरवाडी आणि सरकारी वसाहत आहे. कुणाच्या घरात मराठी, कुणाच्या उर्दू, कुणाच्या भोजपुरी, तर कुणाच्या कोकणी बोलली जाते.

अशा घरांतली तीन-चार वर्षांची मुलं एकाच बालवाडीत येऊन बसली, तर समोरच्या ताईचं काम किती अवघड असेल?

‘मला सगळी मुलं सारखीच,’ असं बहुतेक शिक्षिका म्हणतात आणि मनापासून म्हणतात. पण तेवढं पुरतं का?

पूर्वग्रह म्हणजे नेमकं काय?

मुलाला ओळखण्याआधीच त्याचं नाव, भाषा, रंग किंवा वस्ती यावरून मनात तयार झालेलं मत म्हणजे पूर्वग्रह. त्यात द्वेष असतोच असं नाही. अनेकदा तो आपल्यात आहे हे आपल्यालाही कळत नाही.

अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या संशोधकांनी 2016 मध्ये याची चाचणी घेतली. बालशिक्षकांना लहान मुलांचे व्हिडिओ दाखवून ‘कोण त्रास देतंय ते शोधा’ असं सांगितलं. प्रत्यक्षात त्यात कुणीच त्रास देत नव्हतं. पण शिक्षकांची नजर टिपणाऱ्या यंत्रात दिसलं, की ती सर्वांत जास्त वेळ कृष्णवर्णीय मुलावर खिळली होती.

भारतात काय दिसलं?

कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या अर्थतज्ज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या सहावी-सातवीच्या मुलांना कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केली नाही, तेव्हा तथाकथित खालच्या आणि वरच्या जातींतल्या मुलांच्या कामगिरीत फारसा फरक नव्हता. सगळ्यांसमोर जात जाहीर केल्यावर मात्र खालच्या मानल्या गेलेल्या जातींतली मुलं मागे पडली. हा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला.

‘एवढ्याशा मुलांना काय कळतं?’

बरंच कळतं. 1940 च्या दशकात केनेथ आणि मेमी क्लार्क या मानसशास्त्रज्ञ दांपत्याने तीन ते सात वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलांसमोर गोऱ्या आणि सावळ्या बाहुल्या ठेवल्या. बहुतेक मुलांनी गोरी बाहुली ‘चांगली’ ठरवली. आपल्यासारखी दिसणारी बाहुली त्यांना नको होती.

वर्गात हे कुठे दिसतं?

भाषेत: कोळी किंवा ईस्ट इंडियन घरातलं मूल ‘पाणी’ऐवजी ‘पानी’ म्हणतं. ते मराठीच बोलत असतं, पण त्याला ‘नीट बोल’ असं सांगितलं जातं. आईसारखं बोलणं ही चूक आहे, असा अर्थ ते मूल काढतं.

डब्यात: सुक्या बोंबलाचा वास आला की कुणीतरी नाक दाबतं. ताई काही बोलली नाही, तर मुलं तिच्या गप्प बसण्यालाच होकार समजतात.

नावात: अनोळखी नाव रोज चुकीचं उच्चारलं जातं किंवा परस्पर छोटं केलं जातं.

शेरा मारताना: घरी वेगळी भाषा बोलणारं मूल सुरुवातीला गप्प राहतं. भाषा समजून घ्यायला त्याला वेळ लागत असतो. त्याला ‘मंद’ म्हटलं, की त्याला प्रश्न विचारणंच कमी होतं आणि ते खरोखर मागे पडतं. सर्वांत मोठं नुकसान इथे होतं.

कोसबाडने काय शिकवलं?

याचं एक उत्तर महाराष्ट्राकडे स्वातंत्र्याच्या आधीपासून आहे. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये आताच्या पालघर जिल्ह्यातल्या बोर्डी इथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केलं. अनुताई वाघ त्यांच्या सोबत होत्या. पुढे हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांमध्ये गेलं.

वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. ‘या लोकांना शिक्षणाची किंमत नाही’ असं म्हणून हात झटकणं सोपं होतं. या दोघींनी तसं केलं नाही. त्या बालवाडीच मुलांच्या अंगणात घेऊन गेल्या. अंगणवाडी ही कल्पना तिथे रुजली. महागड्या माँटेसरी साहित्याऐवजी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं, काड्या वापरल्या. मुलाला शाळेच्या साच्यात बसवण्याऐवजी त्यांनी शाळाच बदलली.

ताईला आज काय करता येईल?

पहिलं म्हणजे स्वतःवर नजर ठेवणं. आठवडाभर एका वहीत टिपायचं: आज कुणाला प्रश्न विचारले, कुणाला रागावलं, कुणाचं नाव एकदाही घेतलं नाही. तीच ती नावं पुन्हा पुन्हा दिसली, तर उत्तर समोर असतं.

दुसरं, नावाचा उच्चार पालकांना विचारून घेणं. तिसरं, ‘पानी’ला चूक न म्हणता ‘तुझ्या घरी पानी, पुस्तकात पाणी’ असं दोन्ही शब्द ठेवून सांगणं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण 2020 सुद्धा लहान वयात घरच्या भाषेतून शिकवण्यावर भर देतं.

चौथं, विविधता फक्त सणांपुरती न ठेवणं. ईदला टोपी आणि नाताळला सांताक्लॉज एवढ्यावर ओळख संपत नाही. कुणाच्या घरी अंगाई कोणती, आजीला काय म्हणतात, भाकरी कशाची करतात, हे रोजच्या गप्पांत आलं तर कुठलंच घर ‘वेगळं’ उरत नाही.

आणि कुणी डब्याकडे पाहून नाक मुरडलं, तर तिथेच थांबून बोलायचं: ‘त्याच्या घरी हे आवडतं. तुझ्या घरी काय आवडतं?’