मनाची तातडी : धावून येणाऱ्यांनी काय शिकावे?

छातीत कळ आली तर काय करायचे, हे आता गल्लीतल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. साप चावला तर मांत्रिकाकडे न जाता दवाखाना गाठावा, हेही बऱ्याच अंशी लोकांच्या गळी उतरले आहे. पण घरातला माणूस तीन रात्री झोपलेला नाही, एकटाच बडबडतो, अंगावर धावून येतो, किंवा याच्या उलट कोपऱ्यात बसून 'आता जगून काय करायचं' म्हणतो, तेव्हा काय करायचे? अशा वेळी कुणी अंगारा लावतो, कुणी दोर आणतो, कुणी दार लावून घेतो. हीसुद्धा एक तातडीची वैद्यकीय घटनाच असते, हे आपल्या ध्यानात येत नाही. आजचा लेख त्याविषयी आहे, आणि सुरुवात मी माझ्याच चुकीपासून करतो.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. पैठण तालुक्यातल्या एका खेड्यातील चाळिशीचा शेतकरी दोन महिन्यांत तीनदा माझ्याकडे आला. पहिल्यांदा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, कंबर लई धरलीय." दुसऱ्यांदा झोप लागत नव्हती. तिसऱ्यांदा अन्न गोड लागत नव्हते आणि अंगात त्राण उरले नव्हते. मी रक्तदाब पाहिला, गोळ्या लिहून दिल्या. तिसऱ्या वेळी त्याच्या आग्रहाखातर ताकदीचे इंजेक्शनही दिले. बाहेर रुग्णांची रांग होती. मनाबद्दल मी एक शब्दही विचारला नाही. चौथ्या वेळी त्याला जीपमध्ये आडवा टाकून आणले. त्याने फवारणीचे औषध घेतले होते. प्राथमिक उपचार करून लगेच घाटी रुग्णालयात पाठवला, आणि वेळ गाठली म्हणून तो वाचला.

पुढे त्याच्या गावी गेलो तेव्हा एकेक उलगडा होत गेला. आशाताई म्हणाल्या, "दादा महिनाभर ओट्यावर बसलेले दिसले नव्हते." सोसायटीच्या माणसाला थकबाकीची नोटीस माहीत होती. गुरुजींना ठाऊक होते की थोरली मुलगी शाळेत येईनाशी झाली आहे. भावकीतल्या एकाला त्याने "माझ्यामागं पोरांकडं बघ" असे सांगितले होते. त्याची झोप गेल्याचे आणि वजन घटल्याचे मला माहीत होते. पाच जणांजवळ पाच तुकडे होते, पण ते जोडून पाहणारा कुणी नव्हता. आमच्यापैकी एकानेही कामात हयगय केली नव्हती. आम्ही एकमेकांशी बोललो नव्हतो, एवढेच. आणि काय विचारायचे, हे कुणी आम्हाला शिकवले नव्हते.

तज्ज्ञ येईपर्यंत कोण?

मानसोपचारतज्ज्ञ मोठ्या शहरात असतात. राज्यातील जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. पैठणहून छत्रपती संभाजीनगर पन्नास-पंचावन्न किलोमीटर, आणि ही तातडी बहुधा रात्रीच येते. म्हणून पहिल्या तासाभरात जो माणूस हजर असतो तोच खरा उपचारक ठरतो. तो आशाताई असेल, पोलीस हवालदार असेल, १०८ चा डॉक्टर असेल, नाहीतर शेजारी.

हा विचार नवा नाही. देशात राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ मध्ये सुरू झाला. कर्नाटकातील बळ्ळारी जिल्ह्यात प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टर व कर्मचाऱ्यांना शिकवून हे काम करता येते, हे दिसून आले. त्या धर्तीवर १९९६ मध्ये जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आला. आपल्या राज्य शासनाने २०१५ मध्ये मराठवाडा व विदर्भातील १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला. त्यात आशा कार्यकर्तींनी घरोघर जाऊन खचलेल्या शेतकऱ्यांना हेरायचे आणि समुपदेशनापर्यंत पोचवायचे, अशी योजना होती.

अमरावती जिल्ह्यातील ३० खेड्यांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. तेथे गावपातळीवरच्या कार्यकर्त्यांनी धीर द्यायचा आणि रुग्ण ओळखायचे, शिकवलेल्या समुपदेशकांनी पुढचे बोलणे करायचे आणि गरज लागेल त्यांनाच डॉक्टर व मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवायचे, अशी कामाची वाटणी होती. आधी औदासीन्याच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे ४ जणच कुठे तरी मदत घेत होते. दीड वर्षानंतर हे प्रमाण सुमारे २७ वर गेले. हे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. नाशिक जिल्ह्यातील पेठ भागात २०१३ ते २०१५ या काळात 'आत्मीयता' या उपक्रमात गावातल्याच माणसांना असे शिक्षण देण्यात आले. म्हणजे दहावी-बारावी शिकलेली गावची बाईसुद्धा हे काम करू शकते. शिकवणारा हवा आणि मागे उभा राहणारा हवा.

शिकायचे ते काय?

पहिली गोष्ट ओळखणे. सततची झोपमोड, लोकांत मिसळणे बंद होणे, दारू एकाएकी वाढणे, निरवानिरवीची भाषा, लाडक्या वस्तू वाटून टाकणे ही धोक्याची चिन्हे आहेत. फार दिवस खचलेला माणूस अचानक शांत झाला, तरी निर्धास्त राहू नये.

दुसरी गोष्ट सरळ विचारणे. "तुमच्या मनात जीव देण्याचे विचार येतात का?" हा प्रश्न विचारायला आम्ही डॉक्टरसुद्धा कचरतो. विचारल्याने नसलेला विचार डोक्यात शिरेल, अशी भीती वाटते. ती निराधार आहे. उलट, कुणीतरी विचारले म्हणून त्या माणसाला हलके वाटते.

तिसरी गोष्ट ऐकणे. "तुला काय कमी आहे?", "बायकापोरांचा तरी विचार कर" असली वाक्ये आपण आपुलकीने बोलतो, पण ती त्याला आणखी खाली ढकलतात. नुसते बसावे, ऐकावे, "अवघड आहे खरे" म्हणावे. पाच मिनिटे गप्प बसून ऐकणे हीसुद्धा शिकावी लागणारी विद्या आहे.

चौथी गोष्ट एकटे न सोडणे, आणि घरातली फवारणीची औषधे व गोळ्या हाताशी राहणार नाहीत अशा ठिकाणी हलवणे. आत्महत्येची तीव्र ऊर्मी पुष्कळदा थोडाच वेळ टिकते. ती वेळ टळली की माणूस बहुधा टळतो.

पाचवी गोष्ट पुढच्या माणसाच्या हाती सोपवणे, आणि आठ दिवसांनी पुन्हा जाऊन विचारणे. आपली साखळी येथेच तुटते. रुग्ण दवाखान्यातून घरी आला की सर्वांनी सुटकेचा निःश्वास टाकलेला असतो. खरे तर घरी परतल्यावरचे पहिले काही आठवडे सर्वांत जपण्याचे असतात.

बेभान झालेला माणूस

अंगावर धावून येणाऱ्या रुग्णापुढे दहा जणांनी गराडा घालू नये. त्याच्या विश्वासातल्या एकानेच बोलावे, आवाज खाली ठेवावा, दोन हातांचे अंतर राखावे. "मला मारायला माणसे आलीत" असे तो म्हणाला तर वाद घालू नये आणि होकारही भरू नये. "तुम्हाला भीती वाटतेय, मी इथेच आहे" एवढे पुरते.

येथे डॉक्टर म्हणून एक इशारा देतो. बरळणारा प्रत्येक माणूस मनोरुग्ण नसतो. मधुमेहात साखर उतरली, मेंदूज्वर झाला, डोक्याला मार लागला, तरी माणूस असाच वागतो. रोज दारू पिणाऱ्याची दारू एकदम बंद झाली, तर दोन-तीन दिवसांनी हातपाय थरथरतात, भास होतात, आणि त्यात जीवही जाऊ शकतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या पंधरवड्यात बाई असंबद्ध बोलू लागली तर ती बाहेरची बाधा नसून तातडीचा आजार असतो. अशा वेळी बाई आणि बाळ दोघांनाही जपावे लागते. म्हणून आधी दवाखाना. मनाचे समाधान म्हणून देवाला नारळ फोडायचाच असेल, तर तो नंतर फोडावा.

खाकी आणि पांढरा कोट

२०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा मे २०१८ पासून लागू आहे. तो किती जणांनी वाचला असेल? रस्त्यावर भटकणारा, स्वतःला सांभाळू न शकणारा मनोरुग्ण दिसला तर त्याला संरक्षणात घेणे हे ठाणेप्रमुखाचे कर्तव्य आहे. त्याला २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी रुग्णालयात न्यायचे असते, कोठडीत डांबायचे नसते. रुग्णाला कोणत्याही प्रकारे साखळदंडाने बांधण्यास या कायद्याने बंदी आहे. ६ ऑगस्ट २००१ रोजी तामिळनाडूतील एरवाडी येथे साखळ्यांत बांधलेले २८ मनोरुग्ण आगीत होरपळून गेले. ती आठवण ठेवावी. आत्महत्येचा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असे मानून त्याची शुश्रूषा करायची, असेही हा कायदा सांगतो. जुने कलम ३०९ तर १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेत उरलेलेच नाही. तेव्हा 'पोलीस केस होईल' या धास्तीने रुग्ण घरात लपवून ठेवू नका.

आम्हा डॉक्टरांनाही सबब उरलेली नाही. जीव वाचवण्यासाठी किंवा गंभीर इजा टाळण्यासाठी कोणताही नोंदणीकृत डॉक्टर मनोरुग्णावर ७२ तासांपर्यंत तातडीचे उपचार करू शकतो आणि त्याला योग्य रुग्णालयात हलवू शकतो. "हे आमच्या शाखेतले नाही" म्हणून हात झटकणे योग्य नव्हे.

अमेरिकेतील मेंफिस शहरात १९८७ मध्ये एक मनोरुग्ण पोलिसांच्या गोळीने मरण पावला. पुढच्याच वर्षी त्या शहराने पोलिसांचे एक खास पथक उभारले आणि ४० तासांचे प्रशिक्षण ठेवले. शिकवायला मानसोपचारतज्ज्ञ होते, तसे रुग्णांचे नातेवाईकही होते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पोलिसांनी आणलेला रुग्ण ताबडतोब दाखल करून घ्यायचे एका रुग्णालयाने मान्य केले. शिकलेला हवालदार रात्री दोन वाजता रुग्ण घेऊन येतो आणि त्याला दारातून परत पाठवले जाते, तर त्या शिक्षणाचा उपयोग काय?

पैठणमध्ये काय करता येईल?

मोठा खर्च नको. महिन्यातून एकदा ग्रामीण रुग्णालयात तासभर बैठक व्हावी. आशाताई, पोलीस ठाण्यातला एक जण, एक-दोन शिक्षक, खाजगी डॉक्टर आणि जिल्ह्याच्या मानसिक आरोग्य पथकातील कुणी, एवढी माणसे पुरेत. गेल्या महिन्यात कोण अडचणीत आले, त्याला कोण भेटून आले, पुढे कोण जाणार, एवढेच बोलायचे. अर्थात जे बोलले ते त्या खोलीतच राहिले पाहिजे. त्याची पारावर चर्चा झाली तर पुन्हा कुणी तोंड उघडणार नाही.

आणि धावून जाणाऱ्यांच्या मनाचाही विचार व्हावा. एखादा रुग्ण हाताशी येऊन निसटतो, तेव्हा आशाताईला आठवडाभर जेवण जात नाही. तिने हे दुःख कुणापाशी बोलायचे? त्याच बैठकीत पाच मिनिटे तिच्यासाठीही असावीत.

गोदावरीच्या तापल्या वाळूत रडणारे पोर नाथांनी उचलून कडेवर घेतले, ही कथा आपण पैठणकर लहानपणापासून ऐकतो. नाथांनी आधी त्याची जात विचारली नाही, आणि हे काम माझे की दुसऱ्याचे, हेही पाहिले नाही.

माझा तो शेतकरी आता दर महिन्याला येतो. औषधे चालू आहेत, शेतीही चालू आहे, आणि मुलगी पुन्हा शाळेत जाते. आता झोप लागत नाही म्हणणाऱ्या प्रत्येक रुग्णाला मी आधी खुर्चीत नीट बसवतो आणि विचारतो, "मन कसं आहे?" रांग पाच मिनिटे थांबते. थांबू द्यावी.

*कापून ठेवा :* मनाच्या कोणत्याही अडचणीसाठी सरकारची 'टेलिमानस' ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस आहे, मराठीतही बोलता येते. जिवाला धोका असेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि पोलीस मदतीसाठी ११२. विषबाधा झालेल्याला मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नका. वेळ न घालवता दवाखान्यात न्या आणि औषधाची बाटली सोबत घ्या.