तांदळाची बाकी : इटली आणि हॉलंड
(लेखांक पाचवा)

निर्यातीतून आयात वजा जाता जी बाकी उरते तिला व्यापारशेष म्हणतात, हे मागील लेखांकात आपण पाहिले. आज ती कल्पना तांदूळ या एकाच जिनसाला लावून पाहू. आणि त्यासाठी अशी दोन राष्ट्रे घेऊ, की ज्यांतील एकाच्या खाचरांत शतकानुशतके भात पिकत आले आहे आणि दुसऱ्याच्या थंड, दमट भूमीत भाताची शेतीच होत नाही.

इटलीत पो नदीच्या खोऱ्यात, वेर्चेल्ली, नोव्हारा आणि पाव्हिया या प्रांतांत, पंधराव्या शतकापासून भाताची लागवड आहे. १८६३ ते १८६६ या अवघ्या तीन वर्षांत तेथे सुमारे ८० किलोमीटर लांबीचा काव्हूर कालवा खोदला गेला, आणि बेणणीसाठी हंगामात दूरदूरच्या गावांतून येणाऱ्या, गुडघाभर पाण्यात दिवस दिवस वाकून राबणाऱ्या स्त्रियांच्या श्रमांवर ही शेती उभी राहिली. त्या श्रमांची नोंद व्यापाराच्या कोणत्याही खात्यात सापडत नाही, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

कालवा पुरा होऊन तीनच वर्षे लोटली असतील नसतील, तोच १८६९ मध्ये सुएझचा मार्ग खुला झाला आणि ब्रह्मदेशाचा स्वस्त तांदूळ युरोपच्या बंदरांत उतरू लागला. इटलीच्या शेतकऱ्यावर संकट कोसळले. १८८७ मध्ये सरकारला संरक्षक जकातींचा आश्रय घ्यावा लागला. हॉलंडमध्ये मात्र त्याच तांदळाने झान नदीकाठच्या गिरण्या भरभराटीस आल्या. तेथील वोर्मर गावच्या वखारींना जावा, सायगाव, बॅसीन अशी नावे आहेत. यांतील बॅसीन हे ब्रह्मदेशातील तांदळाचे बंदर, आपली वसई नव्हे, जरी इंग्रजी दप्तरात दोहोंचे नाव एकच असले तरी.

म्हणून केवळ बाकीचे चिन्ह पाहून हॉलंडला तोट्यातले ठरविणे मला अन्यायाचे वाटते. १०० किलो साळीचे तूस काढले की सुमारे ८० किलो असडी तांदूळ मिळतो, आणि तो सडला की वजन आणखी घटते. हॉलंड असडी तांदूळ आणून, सडून, पिशव्यांत भरून त्यातला काही शेजारच्या देशांना विकते; तेव्हा आणलेला सर्व माल जरी त्याने परत बाहेर धाडला तरी वजनाच्या हिशेबात तूटच दिसणार, आणि किमतीच्या हिशेबात मात्र गिरणीची मजुरी व नफा पदरात पडलेला असणार. वजनाचा तक्ता आणि किमतीचा तक्ता यांची सरमिसळ करणाऱ्याने या दोन देशांची तुलना करूच नये.

पूर्वी इटली आपली जकात आपण ठरवीत असे. आता युरोपीय संघाची जकात दोघांना एकच आहे, आणि सडलेल्या तांदळापेक्षा असडी तांदळावर ती कमी असल्याने, शिवाय भारत व पाकिस्तानच्या ठराविक जातींच्या असडी बासमतीला पूर्ण माफी असल्याने, सडण्याचे काम युरोपातील गिरण्यांकडे राहते. कंबोडिया व म्यानमार यांच्या लांब दाण्याच्या तांदळाला मिळालेल्या माफीविरुद्ध इटलीने २०१८ मध्ये तक्रार गुदरली, तीही ब्रुसेल्सलाच. आणि जानेवारी २०१९ पासून त्या तांदळावर तीन वर्षांसाठी टनामागे पहिल्या वर्षी १७५, मग १५० व १२५ युरो अशी उतरती जकात बसली.