सात वर्षांनंतरची टाकी

गाडीच्या घडणीतच दोष असेल, तर ती दुरुस्तीसाठी परत बोलावण्याचा आदेश कंपनीला देण्याचा अधिकार केंद्र सरकारला मोटार वाहन कायद्यातील २०१९च्या दुरुस्तीने मिळाला. त्याचे नियम १ एप्रिल २०२१पासून लागू झाले आणि दहा लाखांपासून एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूदही झाली. मात्र हे नियम सात वर्षांच्या आतल्या गाड्यांपुरते आहेत. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि तिची योग्यता तपासणी होते ती थेट नूतनीकरणाच्या वेळी. म्हणजे आठव्या वर्षापासून पंधराव्यापर्यंत सरकारी आदेशाने कंपनीकडून दोष काढून घेण्याचा मार्ग बंद असतो, आणि गाडीखाली वाकून पाहण्याची सक्तीही कोणावर नसते. अहिल्यानगर जिल्ह्यात एसयूव्हीचे खरे कष्टाचे आयुष्य नेमके याच काळात सुरू होते. पहिल्या मालकाची हौस फिटलेली असते, गाडी दुसऱ्या-तिसऱ्या हाती गेलेली असते आणि शिर्डी, शनिशिंगणापूर, लग्नाचे वऱ्हाड, बाजारहाट अशी कामे तिच्यावर पडतात. नगर-मनमाड रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांमागे वेग कमी करावा लागतो, तेव्हा तिच्या पाठीमागे बहुधा भरलेला ट्रक असतो. इंधनाच्या टाकीपुरती तरी ही सात वर्षांची रेघ पुसली पाहिजे, असे माझे म्हणणे आहे.

टाकी गाडीत कुठे बसवली आहे, हा दोष वापराने निर्माण होत नाही. गाडी कारखान्यातून बाहेर पडते तेव्हाच तो तिच्यात असतो. दिसायला मात्र वर्षे लागतात, कारण मागून धडक बसून आग लागणे ही मुळात विरळ घटना आहे. लाखो गाड्या अनेक वर्षे धावल्या, की मगच त्यातून काही अर्थ लागण्याइतक्या घटना जमतात. अमेरिकेतल्या जीप गाड्यांचे प्रकरण याचे ठळक उदाहरण आहे. १९९३पासूनच्या ग्रँड चेरोकी आणि २००२पासूनच्या लिबर्टी या गाड्यांत टाकी मागच्या आसाच्याही मागे, बंपरजवळ होती. मागून येणारे वाहन धडकले की मध्ये चुरडायला फारसे काही उरत नसे. ग्राहकांच्या बाजूने लढणाऱ्या ‘सेंटर फॉर ऑटो सेफ्टी’ने २००९ साली तपासाची मागणी केली, म्हणजे पहिली गाडी रस्त्यावर आल्यावर सोळा वर्षांनी. जून २०१३मध्ये तिथल्या महामार्ग सुरक्षा प्रशासनाने ५१ मृत्यूंचा हिशेब मांडून सुमारे २७ लाख गाड्या परत बोलावण्यास सांगितले. जीप बनवणाऱ्या क्रायस्लर कंपनीने आधी नकार दिला, मग दोन आठवड्यांत १५ लाख ६० हजार गाड्यांपुरते मान्य केले. त्यातल्या सर्वांत जुन्या गाड्या वीस वर्षांच्या होत्या. आपली सात वर्षांची अट तिथे असती, तर बहुतेक सगळ्या गाड्या चर्चेच्या आधीच बाद झाल्या असत्या.

कंपनीचा मुख्य बचाव असा होता, की गाड्या बनल्या तेव्हाच्या सर्व मानकांत त्या बसत होत्या. हा युक्तिवाद उडवून लावण्याजोगा नाही. नियम पाळणाऱ्याला वीस वर्षांनी नव्या नियमाने दोषी ठरवणे अन्यायाचे होईल. पण मानक ही किमान अट असते. तेव्हाची अमेरिकी चाचणी मागून ताशी ४८ किलोमीटर वेगाच्या धडकेची होती. नंतर ती ८० वर नेण्यात आली. एकाच वजनाचे वाहन ४८ ऐवजी ८० च्या वेगाने आदळले, तर ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे जवळपास पावणेतीन पट होते. शिवाय प्रश्न नव्या मानकाशी तुलनेचा नव्हताच. त्याच काळातल्या इतर एसयूव्हींच्या तुलनेत या गाड्या किती जळतात, हे प्रशासनाने पाहिले होते. आणि २००५च्या ग्रँड चेरोकीत कंपनीने टाकी आसाच्या पुढे नेली, म्हणजे उपाय ठाऊक होता. जुन्या गाड्यांवर इलाज म्हणून मात्र ट्रेलर जोडण्याचा लोखंडी आकडा मागे बसवण्यात आला. तो कमी आणि मध्यम वेगाच्या धडकेतच उपयोगी पडणार, हे प्रशासनानेही मानले. माझ्या मते तो अपुरा इलाज होता. तरीही त्या चर्चेमुळे लाखो मालकांना आपली टाकी कुठे आहे हे निदान कळले.

आपल्या जुन्या एसयूव्ही बहुतेक डिझेलवर चालतात आणि डिझेल असे पेटत नाही, हा आक्षेप इथे हमखास येतो. तो अर्धा खरा आहे. पेट्रोलची वाफ उणे चाळीस अंशांनाही पेटण्याजोगी असते, तर डिझेलला त्यासाठी बरेच तापावे लागते. पण टाकी फुटते तेव्हा इंधन नुसते सांडत नाही, त्याचे बारीक तुषार उडतात आणि असे तुषार थंड डिझेलचेही पेटू शकतात. तापलेल्या पृष्ठभागावर ठिणगीवाचून पेट घेण्यात तर डिझेल पेट्रोलच्या मागे नाही. १ जुलै २०२३च्या पहाटे समृद्धी महामार्गावर सिंदखेड राजाजवळ खासगी बस उलटली, डिझेलची टाकी फुटून आग भडकली आणि २५ प्रवासी गेले. ती एसयूव्ही नव्हती आणि तिथे टाकीच्या रचनेचा दोष होता असेही मी म्हणत नाही. डिझेल आहे म्हणून निर्धास्त राहता येत नाही, एवढे मात्र त्या रात्रीने दाखवले.

दुसरा आक्षेप देखभालीचा. टाकीला गंज चढला, पट्टे सैल झाले, रबरी नळीला भेगा पडल्या, तर कंपनीने काय करावे? काहीच नाही, ते मालकाचेच काम आहे. गळणाऱ्या टाकीला साबण चोळून वेळ मारून नेणे धोक्याचे, आणि रिकामी टाकी वेल्डिंगला देणे त्याहून धोक्याचे. भरलेल्या टाकीत हवा कमी असते, रिकामीत उरलेली वाफ आणि हवा यांचे स्फोटक मिश्रण तयार होऊ शकते. पण झीज आणि रचना या दोन गोष्टी तपासात वेगळ्या करता येतात. झीज गाडीगणिक निराळी असते. रचनेचा दोष त्या मॉडेलच्या प्रत्येक गाडीत त्याच जागी सापडतो. भारतातही हे घडले आहे. २०१४ साली मारुतीने इंधन भरण्याच्या नळीच्या दोषासाठी एर्टिगा, स्विफ्ट आणि डिझायर मिळून एक लाखावर गाड्या बोलावल्या. वयाचा अडसरही अपरिहार्य नाही. २०१३ साली जनरल मोटर्सने परत बोलावलेल्या एक लाख चौदा हजार टवेरांत २००५ सालच्याही होत्या. तिथे कारण प्रदूषणाचे होते, पण आठ वर्षांच्या गाड्या शोधून दुरुस्त करता येतात, एवढे त्यातून सिद्ध झाले.

वयाची रेघ पुसली, तरी खरी अडचण तक्रारी मोजण्याच्या पद्धतीत आहे. जास्त खपाच्या मॉडेलबाबत चौकशी सुरू व्हायला हजारावर मालकांच्या तक्रारी लागतात. गिअर अडकतो, ब्रेक आवाज करतो अशा दोषांना ही पद्धत चालते. टाकीच्या दोषाची आधी कुरकुर ऐकू येत नाही. तो एकदाच, अपघातात दिसतो, आणि गाडीसोबत पुरावाही जळतो. म्हणून कायद्याच्या कलम ११० अ मधली दुसरी वाट महत्त्वाची आहे: चाचणी संस्थाही दोष कळवू शकते. अशा मान्यताप्राप्त संस्थांपैकी एक अहिल्यानगर शहरातच आहे. संरक्षण खात्याची वाहन संशोधन व विकास संस्था, नगरकरांची व्हीआरडीई, लष्करी वाहनांबरोबर नागरी वाहनांच्याही चाचण्या करते. जुनी मॉडेल मिळवणेही आता अवघड नाही; नोंदणीकृत भंगार केंद्रांत पंधरा-वीस वर्षांच्या एसयूव्ही येतच असतात. तोडण्याआधी प्रत्येक मॉडेलच्या चार-पाच गाड्या बाजूला काढाव्यात, टाकी ते बंपर अंतर, पट्टे आणि नळ्यांची जागा व्हीआरडीईत मोजावी, संशय वाटेल ती मॉडेल पुण्याच्या एआरएआय या वाहन चाचणी संस्थेकडे मागून धडक देण्याच्या चाचणीला पाठवावीत आणि टाकीतून मिनिटाला किती ग्रॅम इंधन गळते, हे जाहीर करावे.