शस्त्रक्रियाकालीन प्रतिमादर्शन

पचन तंत्रातील अर्बुदे (पेशींच्या अनियंत्रित वाढीमुळे होणाऱ्या गाठी) काढताना, शस्त्रक्रिया चालू असतानाच इंद्रियांच्या अंतर्भागाची प्रतिमा मिळविण्याच्या तंत्रांना ही संज्ञा लावतात. अर्बुदाचे स्थान शस्त्रक्रियेपूर्वी सीटी स्कॅन वा एमआरआय या तपासण्यांनी ठरविलेले असते; परंतु उदर उघडून यकृतासारखे मऊ इंद्रिय मोकळे केल्यावर त्याचा आकार व स्थिती बदलते आणि आधीची चित्रे त्याच्याशी तंतोतंत जुळत नाहीत. खोलवरची लहान गाठ डोळ्यांना दिसत नाही व बोटांनाही लागत नाही. दुर्बिणीतून केलेल्या शस्त्रक्रियेत तर हाताचा स्पर्शच होत नाही. छेद अर्बुदाच्या फार जवळून घेतल्यास रोग मागे राहतो. तो फार दुरून घेतल्यास निरोगी भाग वाया जातो आणि यकृत् सूत्रण रोग असलेल्या रुग्णात उरलेले यकृत अपुरे पडून मृत्यूही ओढवतो. छेदाची योग्य रेषा ठरविणे हे या तंत्रांचे मुख्य प्रयोजन होय.

अर्जेंटिनातील शस्त्रक्रियाविशारद पाब्लो मिरिझी यांनी १९३१ मध्ये शस्त्रक्रिया चालू असताना पित्तमार्गाचे क्ष-किरण चित्रण केले. ते प्रामुख्याने पित्ताश्मरीसाठी (पित्तखड्यांसाठी) होते. यकृताच्या अर्बुदांसाठी श्राव्यातीत ध्वनितरंगांचा (सोनोग्राफीचा) उपयोग जपानमध्ये मासातोशी माकुऊची यांनी रूढ केला. यात शोधक उपकरण थेट यकृताच्या पृष्ठावर ठेवतात. मध्ये त्वचा, चरबी व आतड्यातील वायू नसल्याने उच्च कंप्रतेचे तरंग वापरता येतात व बारीक गाठी, तसेच त्यांच्या लगतच्या रक्तवाहिन्या स्पष्ट दिसतात. अर्बुदाला रक्त पुरविणाऱ्या प्रवेशिका नीलेच्या शाखेत या प्रतिमेच्या आधारे रंजक टोचल्यास यकृताचा तेवढाच खंड रंगतो. त्या सीमेवरून छेद घेता येतो.

दुसरे तंत्र अनुस्फुरणाचे (शोषलेला प्रकाश वेगळ्या तरंगलांबीने बाहेर टाकण्याचे) आहे. इंडोसायनीन ग्रीन हे रंजक शिरेतून दिल्यावर यकृतात जाऊन पित्तावाटे बाहेर पडते. सु. ८०० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश टाकल्यास ते सु. ८३० नॅनोमीटरचा प्रकाश देते व तो विशिष्ट कॅमेऱ्याने टिपता येतो. रंजक काही दिवस आधी दिल्यास यकृताच्या प्राथमिक कर्करोगात ते साचून गाठ चमकते. मोठ्या आतड्यातून पसरलेल्या दुय्यम गाठीभोवती मात्र बहुधा कडे दिसते. आतड्याची टोके जोडण्यापूर्वी त्यांचा रक्तपुरवठा पाहण्यासाठीही हे रंजक वापरतात.

या तंत्रांना मर्यादा आहेत. अनुस्फुरणाचा प्रकाश सु. १ सेंमी.पेक्षा खोल भागातून क्वचितच दिसतो व सौम्य गाठीही कधी चमकतात. श्राव्यातीत प्रतिमेचा अर्थ लावण्यास सराव लागतो. गाठ कर्करोगाची आहे की नाही आणि कडा रोगमुक्त आहेत काय, याचा निर्णय अखेर सूक्ष्मदर्शकाखालील ऊतकपरीक्षेनेच होतो.

महाराष्ट्रात मुंबईचे टाटा मेमोरियल रुग्णालय (स्थापना १९४१) हे पचन तंत्राच्या कर्करोगावरील शस्त्रक्रियांचे प्रमुख केंद्र आहे. सोलापूर जिल्ह्यात बार्शी येथेही कर्करोग रुग्णालय असून तेथे १९८७ पासून ग्रामीण कर्करुग्णांची नोंदणी होते. श्राव्यातीत यंत्र केवळ शस्त्रक्रियागृहात वापरावयाचे असले, तरी गर्भलिंगनिदानास प्रतिबंध करणाऱ्या १९९४ च्या केंद्रीय कायद्याची बंधने त्यास लागू होतात. असा कायदा देशात प्रथम महाराष्ट्राने १९८८ मध्ये केला होता.