जीप नाही, गेट नाही, तरीही सफारी!

“या वीकएण्डला काय?” या प्रश्नाची आमच्या ग्रुपमधली उत्तरं ठरलेली आहेत. लोणावळा (ट्रॅफिक), अलिबाग (खिसा), नाहीतर कुणाच्या तरी गच्चीवर बसून पुढच्या वीकएण्डचं प्लॅनिंग (फुकट). त्यामुळे मी “प्रकाशा” म्हटलं तेव्हा समोरचे दोघं एकदमच म्हणाले, “कोण प्रकाशा?”

कोण नाही, कुठे! नंदुरबार जिल्हा, शहादा तालुका, तापी आणि गोमाईचा संगम. खान्देशातली मंडळी या गावाला दक्षिण काशी म्हणतात. आपण पुण्या-मुंबईवाले काहीच म्हणत नाही, कारण नकाशावर आपली नजर नाशिकच्या वर सरकतच नाही. माझा प्लॅन साधा होता. रात्रीच्या गाडीने सायकली घेऊन नंदुरबार गाठायचं, तिथून पेडल मारत प्रकाशा, मग शहादा आणि पुढे सातपुड्याचा पायथा. सोबत एक आयटीवाला मित्र, ज्याच्या कॅमेऱ्याची लेन्स त्याच्या हाताएवढी आहे, आणि त्याची कलीग, जिची सायकल आजवर सोसायटीच्या गेटपासून फार लांब गेली नव्हती.

“पण तिथे बघायचं काय?” मित्राने विचारलं.

“एक घुबड.”

“घुबड? एवढ्या लांब जाऊन?”

“दिवसा जागं असतं ते.”

यावर तो तयार झाला. (लेन्सचे हप्ते अजून चालू आहेत, त्यामुळे तो कशालाही तयार होतो.)

नंदुरबार सोडलं की मिरचीच्या पथाऱ्या दिसायला लागतात. पथारी म्हणजे मोकळ्या जमिनीवर वाळत घातलेली लाल मिरची, नजर पोचेल तिथपर्यंत. फोटो झकास येतात, पण वारा आपल्या बाजूला वळला की संपलं. तिघंही शिंकत शिंकत तापीच्या पुलावर पोचलो. पलीकडे प्रकाशा. नदी बॅरेजमुळे भरलेली, पाण्यावर पाणकावळे, केदारेश्वराच्या बाजूने घंटेचा आवाज. घाटाजवळ चहा घेतला तर टपरीवाल्या काकांनी आमच्या हेल्मेटांकडे बघत विचारलं, “कथा चालनात भो?” तोरणमाळच्या बाजूला, म्हटलं. “सायकलवर? गाडी बिघडनी का?”

त्यांच्या दृष्टीने प्रश्न बरोबर होता. इथे सायकल ही गाडी नसलेल्याची वस्तू आहे. ती हौसेने, ट्रेनमधून वाहून आणायची म्हणजे काहीतरी बिनसलेलं असणार.

प्रकाशा हे गाव किती जुनं, तर इथल्या पांढरीच्या टेकाडावर भारतीय पुरातत्त्व खात्याच्या बी. के. थापर यांनी १९५५ साली उत्खनन केलं तेव्हा सगळ्यात खालचा थर थेट ताम्रपाषाण काळातला निघाला. म्हणजे लोक इथे तीनेक हजार वर्षांपासून राहताहेत. पण आम्ही निघालो होतो त्या घुबडाची गोष्ट मात्र दीडशे वर्षांतली आहे आणि एखाद्या डिटेक्टिव्ह कादंबरीला शोभेल अशी आहे.

त्याचं नाव रानपिंगळा. ब्लुइट नावाच्या माणसाला तो १८७२ साली आजच्या छत्तीसगडमध्ये मिळाला आणि पुढच्या वर्षी अ‍ॅलन ह्यूम यांनी शास्त्रीय नोंद केली. (हो, तेच ह्यूम, काँग्रेसवाले. पक्षी हा त्यांचा आधीचा नाद.) त्यानंतर खान्देशात नोकरीला असलेल्या जेम्स डेव्हिडसन या गोऱ्या अधिकाऱ्याने इथल्या सातपुड्याच्या पायथ्याशी रानपिंगळ्याचे आणखी काही नमुने मिळवले. १८८४ नंतर मात्र सगळं शांत. जगभरच्या संग्रहालयांत मिळून सात पेंढा भरलेले रानपिंगळे, जिवंत एकही नाही. सलीम अली आणि डिलन रिप्ले यांनीही शोधला, पण मिळाला नाही.

न मिळण्यामागे एक भामटेगिरी होती. कर्नल रिचर्ड माइनर्ट्झहागेन या ब्रिटिश पक्षितज्ज्ञाने आपण १९१४ साली गुजरातेत मांडवीला रानपिंगळा टिपल्याचं सांगितलं होतं. प्रत्यक्षात त्याने डेव्हिडसनचाच एक नमुना लंडनच्या संग्रहालयातून ढापला, उसवून पुन्हा शिवला आणि वर स्वतःचं लेबल लावलं! ही बनवाबनवी पामेला रासमुसेन आणि नायजेल कॉलर यांनी १९९९ साली सविस्तर छापली. पण बाईंना संशय आधीच आला होता. म्हणून त्यांनी कर्नलसाहेबांची नोंद बाजूला ठेवली, डेव्हिडसनच्या जुन्या जागा धरल्या आणि बेन किंग व डेव्हिड अ‍ॅबट यांच्यासह त्या भारतात आल्या. २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, एका झाडावर तो बसलेला दिसला. ११३ वर्षांनी.

विशेष म्हणजे तो कुठल्या घनदाट अरण्यात नव्हता. रानपिंगळ्याला लागतं सागाचं, विरळ, पानगळीचं जंगल. आसपास शेतं, गुरं, पायवाटा असतातच. पुढे तोरणमाळ, मेळघाट, मध्य प्रदेशचा काही भाग आणि २०१४ साली तर मुंबईच्या जवळ तानसा अभयारण्यातही त्याची नोंद झाली. त्यामुळे २०१८ साली जागतिक यादीत तो ‘अतिसंकटग्रस्त’वरून एक पायरी खाली, ‘संकटग्रस्त’ गटात आला. सुटकेचा नि:श्वास टाकण्यासारखं यात फार नाही. त्याची जंगलं तुकड्या-तुकड्यांची आहेत आणि अंड्यांसाठी त्याला ढोली असलेली जुनी झाडं लागतात, जी तोडायलाही बरी पडतात.

आता मुद्द्यावर येते. वाघाच्या सफारीला गेट असतं, पावती असते, जीपची संख्या ठरलेली असते. तरीही काय होतं ते आपण पाहिलंय. ३१ डिसेंबर २०२४ ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात एक वाघीण आणि तिच्या पाच पिल्लांना पर्यटकांच्या जिप्सींनी दोन्ही बाजूंनी अडवून धरलं. व्हिडिओ फिरला आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. नियम असताना ही तऱ्हा. रानपिंगळ्याच्या जंगलाला तर गेटच नाही. तिथे आपल्याला “आता पुरे” म्हणणारं कोण?

आमच्या बाबतीत ते एका भाऊंनी म्हटलं.

शहादा सोडल्यावर पपई आणि केळीच्या बागा, उसाच्या बैलगाड्या, म्हसावद, आणि मग समोर सातपुडा भिंतीसारखा उभा. पायथ्याच्या एका पाड्यावर आम्ही दोन रात्री राहिलो. (पाड्याचं नाव लिहीत नाही. का ते पुढे कळेल.) ओळखीतून ठरलं होतं, वन खात्याच्या माणसांच्याही कानावर घातलं होतं. घर कुडाचं, अंगण शेणाने सारवलेलं, थंडी कडाक्याची. जेवायला ज्वारीची भाकर, उडदाची डाळ आणि ठेचा. ताईंनी तिसरी भाकर न विचारता वाढली आणि मी न बोलता खाल्ली. डाएट वगैरे सगळं नंदुरबार स्टेशनवरच राहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊ आम्हाला घेऊन निघाले. सायकली ढकलत, कधी चालवत दोन तास फिरलो. साधा पिंगळा दिसला, डोक्यावर पांढरे ठिपके असलेला, आपल्या कॉलनीतही असतो तो. रानपिंगळ्याचं डोकं जवळपास बिनठिपक्यांचं, पंखांवर आणि शेपटीवर ठळक पट्टे. तो काही दिसेना. शेवटी मित्राने खिशातून फोन काढला. रानपिंगळ्याचा आवाज डाउनलोड करून ठेवला होता. सोबत छोटा स्पीकरसुद्धा.

खरं सांगते, मी काही त्याला अडवलं नाही. उलट, ‘अरे वा, हे सुचलं नाही’ असंच मनात आलं. सुट्टी संपत आली होती, लेखाला फोटो हवा होता.

भाऊंनी हात पुढे केला. “ते नका वाजवू.”

“का? दोनच मिनिटं.”

“येईल तो. नक्की येईल. मागे काही जण आले होते, ते बोलवत बसले. तो येऊन ओरडून ओरडून थकला. मग त्या झाडावर कितीतरी दिवस दिसला नाही. तुमचं दोनच मिनिटं, पण तुमच्यानंतर दुसरे येतील, त्यांचं पण दोनच मिनिटं.”

गोष्ट सोपी आहे. आपल्या हद्दीत कुणी दुसरा घुसला असं वाटून पक्षी त्या आवाजाकडे येतो. खाणं सोडून, ढोलीत अंडी-पिल्लं असतील तर ती सोडून. आणि रानपिंगळ्याचा विणीचा हंगाम साधारण ऑक्टोबरपासून मेपर्यंत, म्हणजे आपला सुट्टीचा आख्खा सीझन. अभ्यासकही पाहणीसाठी आवाज वापरतात, पण परवानगी घेऊन, मोजून-मापून. आम्हाला मोजायचं काहीच नव्हतं, फक्त पोस्ट करायचं होतं. स्पीकर बॅगेत गेला. दुपारपर्यंत मित्र कुणाशी बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी परतीच्या वाटेवर कलीगबाईंच्या चाकात बाभळीचा काटा घुसला. सायकल उलटी करून मित्र ट्यूब काढत बसला होता, तेवढ्यात भाऊंनी मान न हलवता नुसती भुवई उचलली. समोर, निष्पर्ण झाडाच्या अगदी शेंड्यावर, भर उन्हात, मुठीएवढं नाही, चांगलं वीतभर घुबड. गुबगुबीत, छाती पांढरी, पाय पिसांनी भरलेले. शेपटी डावी-उजवीकडे झटकत होतं, चिडल्यासारखी. आमच्याकडे एकदा बघितलं आणि खाली गवतात काहीतरी दिसलं असावं, तिकडे लक्ष दिलं. काळे हात पँटला पुसत मित्राने तीन फोटो काढले. दोन हलले. तिसरा या पानावर छापण्याएवढा मोठा येत नाही म्हणून छापलेला नाही.

आता पैशांचं. हा भाग ट्रॅव्हल लेखांत कुणी लिहीत नाही.

निघताना विचारलं, “भाऊ, किती द्यायचे?” “तुम्हाला वाटेल ते.” गावाकडच्या पर्यटनातलं हे सगळ्यात फसवं वाक्य. आपल्याला वाटेल ते म्हणजे बहुतेक वेळा आपल्या शिल्लक सुट्ट्या नोटा. मग बसून हिशेब केला. भाऊंचे तीन दिवस गेले होते. दिवाळीनंतर या पाड्यांतली कितीतरी माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात, नवरा-बायको मिळून एक कोयता. उचल आधीच घेतलेली, ती फिटेपर्यंत परतणं नाही. साधारण होळीच्या सुमारास गावं पुन्हा भरायला लागतात. आमच्या आजूबाजूच्या काही घरांना कड्या लागलेल्या होत्या. मी पहिल्या दिवशी त्याच शांततेचं कौतुक करत होते, “किती पीसफुल आहे ना!”

म्हणजे सायकलिंगचा सीझन आणि गाव रिकामं होण्याचा सीझन एकच. तीन सायकलवाल्यांनी स्थलांतर थांबेल असं मी म्हणणार नाही, ते ब्रोशरवाल्यांनी म्हणावं. पण भाऊ यंदा गेले नव्हते. जंगलाच्या पाहणीची, वाटाड्याची थोडीफार कामं मिळतात म्हणून. आम्ही तिघांनी मिळून शहाद्यातल्या लॉजला आणि जेवणाला जे पडलं असतं ते ताईंना दिलं आणि भाऊंची मजुरी त्यांनाच, वेगळी, त्यांच्यासमोर मोजून. ताईंनी नोटा दोनदा मोजल्या. मला ते फार आवडलं.

गावाने स्वतः नियम ठरवले तर काय होऊ शकतं याचं उदाहरण लांब नाही. शेजारच्या धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याने चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने ४०० हेक्टरांहून जास्त जंगल राखलं. कुऱ्हाड कुणी, कधी, कुठे चालवायची ते गावच ठरवतं. वनभाज्यांच्या पाककला स्पर्धेला बाहेरचे लोक येतात, पण तारीख गावाची, पानात काय वाढायचं तेही गावाचं. पवारांना २०२५ साली पद्मश्री जाहीर झाली. तिथे पाहुणा आधी विचारतो आणि मग येतो. सातपुड्याच्या या पायथ्याला अजून तशी घडी बसलेली नाही, म्हणूनच मी पाड्याचं नाव लिहिलं नाही. भाऊंनी सांगितलं तर लिहीन.

जायचंच असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चनंतर खान्देशातलं ऊन सायकलवाल्यांना सोसवत नाही. मुंबईहून सुरतमार्गे भुसावळकडे जाणारी गाडी नंदुरबारला सोडते, सायकल ब्रेकव्हॅनमध्ये टाका आणि बुकिंगला जरा लवकर पोचा. नंदुरबार ते शहादा जवळजवळ सपाट आहे, नवशिक्यालाही जमेल. तोरणमाळचा घाट मात्र मांड्यांची परीक्षा घेतो, तिथे जीपने गेलात तरी कुणी हसणार नाही. प्रकाशाला पहाटे पोचलात तर संगमावर धुकं मिळेल. स्पीकर घरी ठेवा. सुटे पैसे ठेवा, पण फक्त सुटे नकोत. आणि पंक्चर किट दोन घ्या. आम्ही एकच नेलं होतं, आणि शहाद्याच्या अलीकडे दुसरा काटा लागला.