गोळीचा खर्च कोणत्या खात्यावर?

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने औषधांविषयी लिहावे, ह्याचे काही वाचकांस आश्चर्य वाटेल. पण औषधाला रसायनशास्त्राची बाजू असते तशी जमाखर्चाचीही असते, आणि ती आमच्या वाट्याला येते. शिवाय ज्या उदाहरणाविषयी लिहिणार आहे ते आपल्या बेळगाव जिल्ह्यातलेच आहे. इथेच वाढूनही ते मला परवापरवापर्यंत ठाऊक नव्हते.

'ती बाळंतपणात गेली' हे वाक्य जुन्या घरांतून अजून ऐकू येते. पुष्कळदा त्यामागे कारण एकच असते. मूल जन्मल्यावर गर्भाशय नीट आकुंचन पावत नाही आणि रक्त थांबत नाही. इस्पितळात ह्यासाठी ऑक्सिटोसिनचे इंजेक्शन देतात. ते थंड जागी ठेवावे लागते आणि टोचायला शिकलेला माणूस लागतो. आडगावात रात्री दोन वाजता बाळंतपण झाले, तर ह्या दोन्ही गोष्टी हाताशी असतीलच असे नाही.

मिसोप्रोस्टॉल नावाची एक गोळी आहे. 1988 साली अमेरिकेत तिला मान्यता मिळाली ती पोटातील अल्सरसाठी. तिने गर्भाशयही आकुंचन पावते, हे डॉक्टरांच्या ध्यानात आले होते. गोळी स्वस्त, तोंडाने घेता येणारी, बर्फाची गरज नसलेली. तरीही बाळंतपणातील उपयोगासाठी मूळच्या सर्ल कंपनीने मान्यता मागितली नाही. उलट 2000 साली तिने डॉक्टरांना पत्र धाडून गर्भवती स्त्रियांना ही गोळी देऊ नये असे बजावले. त्या इशाऱ्यात तथ्य होते, कारण गर्भारपणी गोळी घेतल्यास गर्भपात होऊ शकतो. परंतु मूल जन्मल्यानंतर ती दिली तर काय, हा प्रश्न निराळा होता. त्याचे उत्तर शोधायला पैसा लागणार होता आणि उत्तर मिळाले तरी त्यातून स्वस्त गोळीच खपणार होती.

हा शोध आपल्या खेड्यांत घेतला गेला. येथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचे डॉ. बी. एस. कोडकणी, डॉ. शिवप्रसाद गौडर आदींनी अमेरिकन सहकाऱ्यांसमवेत सप्टेंबर 2002 ते डिसेंबर 2005 ह्या काळात 1,620 बाळंतिणींची पाहणी केली. 812 जणींना खरी गोळी मिळाली, 808 जणींना दिसायला तशीच पण औषध नसलेली. कोणाला कोणती, हे चिठ्ठी टाकल्यासारखे ठरे. बाळंतपणे करणे, गोळी देणे आणि रक्त मोजणे ही सर्व कामे 25 नर्सबाईंनी केली. मोजण्यासाठी बाळंतिणीच्या अंगाखाली पसरायची प्लॅस्टिकची चादर होती. तिच्या टोकाला खुणा केलेली पिशवी. नुसत्या डोळ्यांनी अंदाज केला तर रक्त कमीच धरले जाते, म्हणून ही युक्ती. मला सबंध प्रयोगात ही पिशवी फार आवडली.

निम्म्या बायकांना खोटी गोळी, हे मात्र प्रथम खटकले. पण गोळी गुणकारी आहे की नुसता ताप आणते, हे तोवर सिद्ध झालेच नव्हते, आणि तुलनेवाचून ते कळलेही नसते. निकाल 2006 साली 'लॅन्सेट'मध्ये आला. अर्धा लिटर किंवा त्याहून अधिक रक्त जाण्याचे प्रमाण खोट्या गोळीच्या गटात 12 टक्के, खऱ्या गोळीच्या गटात 6.4 टक्के. थंडी वाजून ताप येणे मात्र खऱ्या गोळीने वाढले. 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेने ह्या उपयोगासाठी गोळीस आवश्यक औषधांच्या यादीत घेतले.

आता खात्याकडे वळू. पैसा अमेरिकन सरकारच्या बालआरोग्य संशोधन संस्थेचा आणि गेट्स फाउंडेशनचा. बायका आपल्या, नर्सबाई आपल्या, डॉक्टर बहुतांशी आपले. कर मात्र अमेरिकेतल्या नागरिकाने भरलेला.

अर्थशास्त्राच्या तासाला सार्वजनिक वस्तू शिकवताना दीपस्तंभाचे उदाहरण हटकून येते. प्रकाश सर्वांना मिळतो, म्हणून खाजगी व्यापारी तो बांधायला पुढे येत नाही. जुन्या, स्वस्त औषधाचा नवा उपयोग शोधणे हे त्याच जातीचे काम आहे. कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही. भागधारकांचा पैसा तिने दीपस्तंभावर घालावा कसा? तो सरकारनेच घालावयाचा असतो. आपल्या देशाने 2020-21 साली सर्व तऱ्हेच्या संशोधनावर मिळून देशांतर्गत उत्पादनाच्या 0.64 टक्के खर्च केला. 2023 साली राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला. त्यासाठी पाच वर्षांत 50,000 कोटी रुपये योजले, पैकी 36,000 कोटी सरकारबाहेरून यावयाचे होते. कारखानदार बॅटरीसाठी पैसा देईल, बाळंतिणीच्या गोळीसाठी देईल का, अशी मला शंका आहे.

'आधी दवाखान्यात खाटा तर द्या, मग संशोधन,' असे आमच्या वर्गातील मित्र म्हणतात. त्यांना मी मद्रासचा दाखला देतो. 1956 साली तेथे भारतीय वैद्यक संशोधन परिषद, मद्रास सरकार, जागतिक आरोग्य संघटना आणि ब्रिटनची संशोधन परिषद ह्यांनी मिळून क्षयरोगावर प्रयोग आरंभिला. काही रोगी सॅनेटोरियममध्ये, काही घरीच. घरचे अन्न निकृष्ट, वस्ती दाटीची. तरी औषधे नियमित घेतलेले घरचे रोगीही जवळजवळ तितकेच बरे झाले. म्हणजे क्षयरोग्यांपुरता खाटांचा प्रश्न त्या संशोधनानेच हलका केला. त्यात आपल्या सरकारांचाही वाटा होता. तेव्हा देश आजच्यापेक्षा गरीब होता.

बेळगावात हे काम पुढेही चालू राहिले. 2020 साली ॲस्पिरिनचा प्रयोग प्रसिद्ध झाला. सहा देशांतील जवळजवळ 12,000 पहिलटकरणी त्यात होत्या, भारतातून बेळगाव आणि नागपूर परिसरांतल्या. रोज ॲस्पिरिनची लहान गोळी घेणाऱ्यांत अपुऱ्या दिवसांची बाळंतपणे 11.6 टक्के, न घेणाऱ्यांत 13.1 टक्के. ॲस्पिरिन तर शंभर वर्षांहून जुने. खर्चाच्या रकान्यात ह्याही वेळी अमेरिकन सरकारच्या त्याच संस्थेचे नाव आहे.