शीड अंगाच्या मापाचं

नेदरलँड्सच्या फ्रिझलंड प्रांतात वार्टेना नावाचं पाण्याकाठचं लहानसं गाव आहे. तिथली मारिट बाउमेस्टर शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत सलग चार ऑलिम्पिक खेळली आणि चारही वेळा पदक घेऊन आली: 2012 मध्ये रौप्य, 2016 मध्ये सुवर्ण, टोकियोत कांस्य, 2024 मध्ये पुन्हा सुवर्ण. गंमत अशी की, ऑलिम्पिकमध्ये तिच्या वर्गात स्वतःची होडी नेता येत नाही. आयोजक देतील ती घ्यायची. सगळ्यांची होडी सारखी, शीडही सारखं: 5.76 चौरस मीटर.

पण 5.76च का? या होडीला आज आयएलसीए म्हणतात, पूर्वी लेझर म्हणत. होडी एकच, शिडं मात्र तीन: 4.7, 5.76 आणि 7.06 चौरस मीटर. डोलकाठीचा खालचा तुकडा बदलला, वर दुसरं शीड चढवलं, की वर्गच बदलतो. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की शिडावरचा रेटा चौपट होतो आणि होडी कलंडू लागते. तिला सरळ ठेवायला वजन एकच, खलाशाचं स्वतःचं! पट्ट्यात पाय अडकवून तो पाठ पाण्यावर झोकून देतो. म्हणून शीड निवडायचं ते अंगाच्या वजनाला झेपेल असं. मुलांच्या ऑप्टिमिस्टमध्ये, जेमतेम 2.3 मीटरच्या त्या होडीत, हे आणखी बारकाईनं पाळतात. हलक्या मुलाचं शीड सपाट शिवलेलं, वजनदार मुलाच्या शिडाला जास्त पोट.

डच लोकांनी तर एका वर्गाचं नावच शिडाच्या मापावरून ठेवलं: ‘सोळा चौरस मीटर’. त्या होडीचा आराखडा हेंड्रिक बुल्टहाउस या बेर्गुमच्या न्हाव्याचा! अरुंद पट्ट्या जोडून घरच्या घरी बांधता यावी अशी होडी त्यानं रचली. मला हा माणूस कुठल्याही विजेत्याइतकाच मोठा वाटतो.

आणि 12 फुटी डिंगी? जॉर्ज कॉकशॉट या इंग्रजानं आखलेली ही होडी डचांनी आपलीशी केली. कोकणातल्या होडीसारखं तिरक्या परबाणाला, म्हणजे शीड टांगायच्या काठीला, बांधलेलं एकच शीड. 1920 च्या अँटवर्प ऑलिम्पिकमध्ये या वर्गात दोनच होड्या होत्या, दोन्ही डच. शर्यतीच्या जागी, ओस्टेंडच्या समुद्रात, खुणेचा तरंगता बोया वाहून गेला, शर्यत रद्द झाली. दोघेही एकाच देशाचे, मग उरलेल्या शर्यती सप्टेंबरमध्ये सरळ ॲमस्टरडॅमजवळ घेतल्या. जिंकले कॉर्नेलिस हिन आणि त्यांची दोन मुलं, योहान व फ्रान्स. फ्रान्स तेव्हा 14 वर्षांचा होता.

त्या डिंगीच्या शर्यती नेदरलँड्समध्ये आजही होतात, त्याच एका शिडावर.